किंग क्रिमसनमध्ये कोण कधी होतं? मी ऐकून लावलेली संगती

किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडचे सुरुवातीचे अल्बम एकामागून एक ऐकले की गोंधळ उडतो. गायक बदललेला, ड्रमर बदललेला, नाव मात्र तेच. या बँडवर माझा फार जीव आहे, म्हणून १९६९ ते १९७२ हा काळ एकदा नीट लावायचाच, असं ठरवलं. नुसती नावं पाठ करून काही हाती लागत नाही. त्यामुळे अल्बम क्रमाने घेतले, आणि प्रत्येक वेळी आधी फक्त ड्रम ऐकायचे, मग आवाज, मग बाकीचं.

सुरुवात क्रिमसनच्या आधीपासून केली. मायकेल आणि पीटर जाइल्स हे भाऊ आणि गिटारवर रॉबर्ट फ्रिप. या तिघांचा १९६८चा अल्बम हलकाफुलका, मिश्कील आहे. त्यातून वर्षभरात 'ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी शिझॉइड मॅन'सारखं आक्रमक गाणं कसं निघालं? याचं उत्तर नव्या माणसांत आहे. बासरी, सॅक्सोफोन, मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारं कीबोर्ड) असं सगळं वाजवणारा इयन मॅकडोनल्ड आला, गीतकार पीटर सिनफील्ड आला आणि पीटर जाइल्सच्या जागी बास वाजवायला आणि गायला ग्रेग लेक आला. जानेवारी १९६९मध्ये लंडनमध्ये तालमी, जुलैत हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या आधी वादन, ऑक्टोबरमध्ये पहिला अल्बम. आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावरच मॅकडोनल्ड आणि मायकेल जाइल्स यांनी बँड सोडायचं ठरवलं. तुम्ही राहा, मी जातो, अशी तयारी फ्रिपने दाखवली होती. हे कळल्यापासून त्याच्याबद्दल मला वेगळाच आदर वाटतो.

सगळ्यात जास्त रमलो ते दुसऱ्या अल्बमात, 'इन द वेक ऑफ पोसायडन'मध्ये (१९७०). ड्रमवर मायकेल जाइल्सच, बासवर पुन्हा पीटर जाइल्स. म्हणजे सोडून गेलेलेच वाजवताहेत! लेक गातो, पण तोही 'इमर्सन, लेक अँड पामर' या नव्या बँडच्या वाटेवर. 'केडन्स अँड कॅस्केड' तेवढं गॉर्डन हॅस्केलच्या आवाजात आहे. ते 'पिक्चर्स ऑफ अ सिटी'ला लागूनच ऐका. लेकचा आवाज भरदार, पुढे येणारा; हॅस्केलचा खाली, कानाशी बोलल्यासारखा. मेलोट्रॉन आता फ्रिपकडे. पहिल्या अल्बमचाच साचा पुन्हा वापरला, ही टीका मलाही पटते. तरी बँड मोडू द्यायचा नाही, ही जिद्द मला यात जागोजागी ऐकू येते.

'लिझर्ड' हा तिसरा अल्बम लवकर उरकला. त्यातला ड्रमर अँडी मॅककलक आणि हॅस्केल दोघेही दौऱ्याआधीच गेले. 'आयलंड्स'साठी (१९७१) बोझ बरेल गायक म्हणून आला आणि बास त्याला फ्रिपने शिकवला. 'सेलर्स टेल'मध्ये इयन वॉलेसच्या झांजेवरची चाल पकडा. तिच्यावर फ्रिप तारा बॅन्जोसारख्या खडखडवतो. हा तुकडा मला अख्ख्या पहिल्या अल्बमापेक्षा प्रिय आहे.

१९७२मध्ये ही मंडळीही पांगली. 'येस' हा बँड सोडून ड्रमर बिल ब्रुफर्ड आला, सोबत बास आणि गायनाला जॉन वेटन, व्हायोलिनवर डेव्हिड क्रॉस आणि तालवाद्यांचा जेमी म्यूर. आधी ड्रम ऐकायची माझी पद्धत इथे अडली, कारण तालाला आता दोघं होते. मग ब्रुफर्डचा स्नेअर ड्रम तेवढा धरला. त्याचा टणक, खणखणीत ठोका कुठेही ओळखू येतो. उरलेली खणखण, खुळखुळ म्यूरची.