आमची वाटचाल : अक्षरे कापण्यापासून प्लॉटरच्या दुरुस्तीपर्यंत

आमच्या व्यवसायाची सुरुवात व्हिनाईलची, म्हणजे चिकट पाठीच्या पातळ प्लास्टिकची, अक्षरे कापून देण्यापासून झाली. पाट्या, काचेवरच्या सूचना, वाहनांवरच्या पट्ट्या आणि रेडियमची कामे एकाच कटिंग प्लॉटरवर, म्हणजे संगणकातल्या चित्राप्रमाणे ब्लेडने कापणाऱ्या मशीनवर, होत असत, आणि मशीन एकच असल्यामुळे त्याचा आवाज जरा बदलला तरी पुढच्या सगळ्या कामांची आखणी डळमळीत होत असे. दुरुस्तीचा विभाग आम्ही ठरवून काढलेला नाही. स्वतःचे मशीन बंद पडू नये म्हणून आम्ही त्याचे आवाज एका वहीत नोंदवू लागलो, त्या नोंदी ओळखीच्या कार्यशाळांना उपयोगी पडू लागल्या, आणि हळूहळू लोक आपली करकरणारी मशिने आमच्याकडे आणू लागले. आज कापण्याच्या कामापेक्षा दुरुस्तीचेच काम आमच्याकडे अधिक असते.

त्या वहीतल्या आरंभीच्या नोंदी खडखड, घरघर, चिरचिर अशा होत्या. अशा वर्णनाचा उपयोग मर्यादित असतो, कारण एकाच घरघरीमागे पंखा, झिजलेले बेअरिंग किंवा सैल झालेले झाकण यांपैकी काहीही असू शकते. म्हणून आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे लिहिण्याची पद्धत आम्ही पाडली. कॅरेज, म्हणजे ब्लेड धरून आडवे सरकणारा भाग, रेलवरच्या एका ठरावीक जागी आल्यावरच आवाज होत असेल, तर दोष बहुधा त्या जागीच असतो : रेलला पडलेला खड्डा, बेल्टचा तुटलेला दात किंवा झाकणाला घासणारी चपटी केबल. दिशा बदलतानाच आवाज होत असेल तर काहीतरी सैल आहे असे समजावे, आणि वेगाबरोबर आवाजाची पट्टी चढत असेल तर फिरणाऱ्या भागांकडे, म्हणजे बेअरिंग, पुली आणि मोटर यांच्याकडे पाहावे. कॅरेज स्थिर असतानाही आवाज चालू राहत असेल, तर तो पंख्याचा किंवा मोटरच्या विद्युतप्रवाहाचा असतो आणि त्यासाठी मशीन उघडून बेल्ट सोडवण्याचे कारण नाही.

हे वेगळेपण कानाला स्पष्ट कळावे म्हणून आम्ही चाचणीचे एक चित्र तयार केले. त्यात एक लांब आडवी रेघ, एक लांब उभी रेघ, ४५ अंशांतली एक तिरपी रेघ, एक वर्तुळ आणि काही लहान चौकोन आहेत. आडव्या रेघेत फक्त कॅरेज हलते, उभ्या रेघेत फक्त माल, म्हणजे कापायचे व्हिनाईल, पुढेमागे सरकतो, तिरप्या रेघेत दोन्ही मोटरी बरोबरीने चालतात आणि लहान चौकोनांत ब्लेडला वारंवार वळावे लागते. हे चित्र आधी ब्लेड आणि माल दोन्ही न लावता, मग ब्लेड काढून नुसता माल लावून, आणि शेवटी प्रत्यक्ष कापून चालवले की बहुतेक दोषांची जागा एकही स्क्रू न काढता कळते.

वीज बंद करून कॅरेज हाताने सरकवून पाहणे हीसुद्धा चांगली परीक्षा आहे. मात्र ते सावकाश सरकवावे. वेगाने ढकललेली मोटर स्वतःच वीज निर्माण करते आणि ती उलट दिशेने मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटमध्ये शिरते, त्यामुळे आवाजाचा दोष शोधता शोधता बोर्ड जळण्याची शक्यता असते.

आमच्याकडे येणाऱ्या मशिनांत ज्या दोषाचे मूळ सर्वांत क्षुल्लक आणि परिणाम सर्वांत त्रासदायक असतो, तो म्हणजे मोटरच्या दांड्यावरील पुलीचा सैल झालेला ग्रब स्क्रू, म्हणजे पुलीला दांड्यावर आवळून धरणारा बिनडोक्याचा बारीक स्क्रू. दिशा बदलताना ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, आणि त्याच वेळी कापलेले वर्तुळ जिथे सुरू झाले तिथे पुरते मिटत नाही. दोन टोकांत केसाएवढे अंतर राहते आणि नको असलेला भाग सोलून काढताना अक्षराची कड तिथे फाटते. पुष्कळांना वाटते की ब्लेड बोथट झाले आहे, म्हणून ते दाब वाढवतात. दाब वाढल्यावर काही दिवस अक्षर सुटते आणि मूळ दोष झाकला जातो. पुली आणि दांडा यांच्यावर पेनने एकच सरळ खूण करावी, थोडे काम चालवावे आणि खूण तुटली आहे का ते पाहावे. तुटली असेल तर स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवर आणून आवळावा, आणि पुन्हा उघडता येईल अशा मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू आपोआप सैल होऊ न देणाऱ्या द्रव्याचा, एक थेंब द्यावा. कायमचे चिकटवणारे द्रव्य तिथे वापरू नये, कारण पुढे बेल्ट किंवा पुली बदलण्याची वेळ येतेच.

ब्लेडचा आवाज निराळा असतो. नेहमीचे पाटीचे व्हिनाईल ८० ते १०० मायक्रॉनच्या आसपास जाड असते, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही कमी, आणि ब्लेडने तेवढेच कापून मागच्या कागदावर फक्त हलकी रेघ उमटवणे अपेक्षित असते. होल्डरमधून ब्लेड जास्त बाहेर आलेले असेल तर ते कागद भेदून खालच्या टेफ्लॉन पट्टीत शिरते आणि मशीनभर खरखर ऐकू येते. येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की ब्लेड नंतर बरोबर बसवले तरी खरखर राहू शकते, कारण पट्टीला पडलेल्या चरीत माल खाली दबतो आणि ब्लेड प्रत्येक वेळी त्या चरीवरून उसळत जाते. अशा वेळी पट्टी बदलणे हाच उपाय असतो. कोपऱ्यांवरच ‘चर्र’ असा आवाज होत असेल आणि कोपऱ्याचा माल उचलला जात असेल, तर होल्डरमधल्या बारीक बेअरिंगमध्ये चिकट कचरा अडकून ब्लेड मोकळे फिरत नाही असे समजावे. ब्लेडचे टोक त्याच्या अक्षापासून साधारण पाव मिलिमीटर बाजूला असते आणि दिशेप्रमाणे ते स्वतःच वळावे लागते. ते अडले की कापण्याऐवजी ओरबाडणे सुरू होते.

मशीन वाजू लागले की तेल सोडावे, हा सल्ला आमच्या क्षेत्रात फार सहज दिला जातो आणि आमच्याकडे येणाऱ्या मशिनांतली बरीचशी या सल्ल्यानेच अधिक बिघडलेली असतात. गंजलेले स्क्रू सोडवण्याचे फवारे रेलवर मारले की आवाज तात्पुरता थांबतो, पण ते द्रव्य आधीचे ग्रीस धुऊन टाकते, आणि मागे राहिलेल्या ओलसर थरावर व्हिनाईलचा व कागदाचा बारीक चुरा बसून त्याचा लेप तयार होतो. बेल्टला तर तेल कधीच लावू नये. जिथे उत्पादकाच्या पुस्तिकेत वंगण सांगितले आहे तिथे रेल आधी कोरड्या कापडाने स्वच्छ पुसून, सांगितलेले वंगण अगदी कमी लावावे, आणि कॅरेजची चाके कोरडी चालण्यासाठी बनवलेली असतील तर केवळ पुसूनच थांबावे. बेल्टबद्दल एवढेच सांगतो की सैल बेल्ट झाकणावर आपटतो आणि अति ताणलेला बेल्ट शिट्टीसारखा वाजून बेअरिंग लवकर खातो.

माल सरकवण्याच्या बाजूचे दोष शोधायला सोपे असतात. उभ्या रेघेत एकसारख्या अंतराने ठक ठक होत असेल तर पिंच रोलरचे, म्हणजे माल वरून दाबून धरणाऱ्या चाकाचे, रबर एका जागी चपटे झालेले असते. काम नसताना रोलर खाली दाबलेलेच राहिले की हे होते, म्हणून दिवस संपताना त्यांच्या कळा वर करून ठेवाव्यात. मोठा रोल थेट मशीनला ओढायला लावला तरी धक्क्यांचा आवाज येतो. कापायच्या लांबीएवढा माल आधीच सैल सोडून ठेवावा.

एका प्रकारच्या आवाजाने मात्र आम्हाला बराच काळ गुंतवून ठेवले होते, कारण तो मशीनमध्ये नव्हताच. ठरावीक कामे कापतानाच मशीन थरथरत भुणभुणत असे, आणि चाचणीच्या चित्रावर तेच मशीन शांत चाले. त्या कामांची चित्रे छायाचित्रावरून आपोआप ट्रेस केलेली, म्हणजे संगणकाने त्याच्या कडा रेघांत बदललेली, होती, आणि साध्या वळणावर दोनचार बिंदू पुरे असताना तिथे शेकडो बिंदू पडलेले होते. प्लॉटरकडे जाणाऱ्या एचपीजीएल या आज्ञाभाषेत एक मिलिमीटर म्हणजे ४० एकके असतात आणि वळणे लहान सरळ तुकड्यांत मोडली जातात. बिंदू अनावश्यक वाढले की हे तुकडे इतके बारीक होतात की मोटरला क्षणोक्षणी दिशा बदलत थबकावे लागते. चित्रातले बिंदू कमी करून वळणे गुळगुळीत केली की भुणभुण जाते आणि अक्षराची कडही सुधारते. त्यामुळे आता मशिनाबरोबर, ज्या कामावर आवाज येतो त्या कामाची फाइलही आम्ही मागून घेतो.

स्टेपर मोटरचे, म्हणजे पावलापावलाने फिरणाऱ्या मोटरचे, गाणे हा दोष नाही, हे गिऱ्हाइकाला पटवणे कधीकधी दुरुस्तीपेक्षा कठीण जाते. बहुतेक स्टेपर मोटरी एका फेरीत १.८ अंशांची २०० पावले टाकतात आणि प्रत्येक पाऊल हा एक छोटा झटका असतो. विशिष्ट वेगाला हे झटके मशीनच्या सांगाड्याच्या स्वाभाविक कंपनाशी जुळतात आणि आवाज एकदम मोठा होतो, पण वेग थोडा वाढवला किंवा कमी केला की तो ओसरतो. स्टँडचे बोल्ट सैल असले किंवा मशीन पोकळ लाकडी पेटीवर ठेवलेले असले तर हाच आवाज आणखी घुमतो, म्हणून स्टँडवर तळहात दाबून आवाज बदलतो का हे आम्ही मशीन उघडण्यापूर्वीच पाहतो. पुढे काम वाढल्यावर आम्ही सर्व्हो मोटरचे, म्हणजे आपली जागा सतत तपासत सलग फिरणाऱ्या मोटरचे, मशीन घेतले. ते निश्चितच शांत चालते, परंतु साध्या अक्षरांसाठी जुने स्टेपर मशीनही उत्तम काम देते आणि केवळ आवाजासाठी ते टाकून द्यावे असे आमचे मत नाही.

आता कोणी दुरुस्तीबद्दल विचारले की आम्ही आधी चाचणीचे चित्र पाठवतो आणि ते चालवताना केलेले ध्वनिमुद्रण मागवतो. बऱ्याचदा तेवढ्यावरून पुली, पट्टी किंवा रोलर यांपैकी काय पाहावे हे सांगता येते आणि मशीन हलवावे लागत नाही. रेलच झिजून तिला चाकांच्या चरी पडल्या असतील आणि तिचा सुटा भाग मिळत नसेल, तर काम स्वीकारण्यापूर्वीच आम्ही तसे कळवतो. दुरुस्त केलेले मशीन परत देताना त्यावर कापलेले चाचणीचे चित्र, वापरलेला वेग आणि ग्रॅममधला दाब त्याच तुकड्यावर लिहून, सोबत दिले जाते. पुढे कधी आवाज बदलल्यासारखा वाटला तर तेच चित्र त्याच वेगाने पुन्हा कापून दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहता येतात.