चार दिवसांत उजळणारी ट्यूब आणि नंतरचं वर्ष

तोंडाला लावायच्या क्रीमची ती ट्यूब मला मामेबहिणीने सांगितली. स्वतःच्या लग्नाआधी तिने लावली होती आणि लग्नाच्या फोटोंत तिचं तोंड खरंच उजळ आलं होतं. माझ्या गालांवर, हनुवटीवर तेव्हा पुटकुळ्या भरलेल्या; काही पिकलेल्या, काही आतल्या आत ठणकणाऱ्या. हळद-बेसन झालं, कडूनिंबाचा पाला वाटून झाला, कोणी म्हटलं म्हणून टूथपेस्टही लावून झाली. दिवाळीनंतर पाहुणे पाहायला येणार होते. मेडिकलवाल्याला मी नाव सांगितलं, त्याने चिठ्ठी न विचारता ट्यूब हातात ठेवली.

चौथ्या दिवशी तोंड साफ. आई म्हणाली, "आता कसं दिसते तोंड, पाय बरं!" मलाही हलकं वाटलं. पाहुणे येऊन गेले, जुळलं नाही, पण ट्यूब सुटली नाही. आठ महिने रोज रात्री लावली.

उन्हाळ्यात एकदा ट्यूब संपली आणि चार-पाच दिवस हिंगणघाटला जाणं झालं नाही. तोंडाची अशी आग झाली की चुलीपुढे बसवेना. गाल लालबुंद, त्यावर एकसारख्या बारीक लाल पुटकुळ्या. ट्यूब आणून लावली की शांत, बंद केली की परत तेच. मग गालांवर केसासारख्या बारीक लाल रेघा दिसू लागल्या, कानाजवळ लव वाढली. मला वाटलं माझं रक्तच खराब आहे. आमच्या गावात सगळे हेच म्हणतात, रक्त खराब, उष्णता, तेलकट खाणं.

आमच्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी मला पाहिलं आणि सरळ म्हणाल्या, "सेवाग्रामले जा. अन् तोंडाले जे जे लावलं, ते सारं घेऊन जा." मला मिळालेल्या सल्ल्यांत हा सगळ्यात कामाचा.

तान्हा पोळा झाला आणि त्याच आठवड्यात आई आणि मी पहिल्या एसटीने निघालो. हिंगणघाट, वर्धा, तिथून ऑटोने सेवाग्राम. कस्तुरबा रुग्णालयात चिठ्ठी काढून त्वचारोगाच्या ओपीडीसमोर बसलो. माझ्या रांगेत किमान चार बायका ओढणी-पदराने तोंड झाकून बसल्या होत्या, हे अजून डोळ्यांपुढे आहे.

डॉक्टर मॅडमनी पिशवीतल्या ट्यूब टेबलावर ओतल्या, एक उचलली आणि बारीक अक्षरांतल्या एका नावाभोवती पेनाने गोल केला: मोमेटासोन. हे स्टेरॉइड. सोबत रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि कातडी सोलणारं ट्रेटिनॉइन. त्यांनी समजावलं की स्टेरॉइड सूज आणि लाली दाबून टाकतं, म्हणून चार दिवसांत फरक दिसतो. पण रोज लावलं की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसतात, लव वाढते, आणि बंद केलं की दाबलेलं सगळं दुपटीने उसळतं. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत, असा नियम सरकारने २०१८ साली आणखी कडक केला आहे. खोक्यावरही ते छापलेलं असतं. आठ महिने ते खोकं माझ्या उशाशी होतं आणि मी एकदाही वाचलं नव्हतं.

तिथल्या सिस्टरांनी मला एक साधी खूण सांगितली. नावाच्या शेवटी 'सोन' असेल, जसं बेटामेथासोन, मोमेटासोन, तर थांबायचं. क्लोबेटासोल हेही स्टेरॉइडच, त्याहून जालीम.

पाळी वेळेवर येते का, हनुवटीवर राठ केस येतात का, असंही विचारलं. आईसमोर मला संकोच वाटला, पण हे विचारणं गरजेचंच होतं, कारण पीसीओएसमुळेही, म्हणजे बायकांच्या हार्मोनच्या एका बिघाडानेही, पुटकुळ्या येतात. माझं ते नव्हतं. माझ्या मूळच्या पुटकुळ्या वयाच्या. हार्मोनमुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या कातडीने छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. कपाळावरच्या बारीक पुटकुळ्यांना डोक्याचं चपचपीत तेलही कारण होतं. दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धुणं मात्र लगेच बंद करायला सांगितलं.

ट्यूब बंद केल्यानंतरचे पंधरा दिवस फार वाईट गेले. डोळ्यांखाली सूज, कातडी सोलत होती. फक्त साधं मॉइश्चरायझर आणि थंड पाण्याचा कपडा. आईने उरलेली ट्यूब ज्वारीच्या कोठीत लपवली होती, मला ठाऊक होतं. दहाव्या रात्री मी उठून कोठीत कोपरापर्यंत हात घातला. आई जागीच होती. ओरडली नाही. "आन कपडा, मी ठेवतो तोंडावर," एवढंच म्हणाली आणि पहाटेपर्यंत ओल्या कपड्याच्या घड्या बदलत राहिली. त्या वर्षीच्या पाहुण्यांनाही तिने परस्पर निरोप दिला, तुरी निघाल्यावर या म्हणून.

गोळी होती डॉक्सीसायक्लिन, जंतूंवरची. पेलाभर पाण्यासोबत घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळते. दुधासोबत नाही, आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळीसोबतही नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवायचं. या गोळीने ऊन जास्त बाधतं आणि नेमकी कापसाची वेचाई सुरू झालेली. मी सनस्क्रीन लावून, वरून ओढणी घट्ट बांधून वेचायची. घामाने ते वाहून जायचं, मग दुपारी भाकर खाल्ल्यावर तोंड पुसून परत लावायची. बाया विचारायच्या, "काहून वं, शेतात पावडर?" मी सांगायची, औषध आहे.

कातडी सावरल्यावर अडापॅलिन सुरू झालं, बुजलेली छिद्रं मोकळी करणारं मलम. तुरीच्या दाण्याएवढं, साऱ्या तोंडाला मिळून, तेही एक रात्र आड. फक्त फोडावर लावायचं नसतं, हे मला नव्याने कळलं. पहिले तीन आठवडे तोंड कोरडं पडलं, पुटकुळ्या थोड्या वाढल्याही. इथेच पुष्कळ जण सोडतात. मला आधीच सांगितलं होतं की फरक आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो, म्हणून मी टिकले. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड, जंतू मारणारं मलम. त्याने माझ्या मरून ओढणीवर पांढरट ठिपके पडले, उशीची खोळही विटली. औषध पूर्ण वाळल्याशिवाय कपडा लागू देऊ नका.

डागांचं मात्र नीट समजून घ्या. तपकिरी-काळे सपाट डाग हे खड्डे नव्हेत. ऊन टाळलं आणि हात लावला नाही तर ते काही महिन्यांत फिके होतात. माझे बहुतेक गेले. डाव्या गालावर तीन खड्डे आहेत, तिथे मी नखाने फोडलं होतं. ते कोणत्याच क्रीमने भरत नाहीत. त्यासाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचणं), लेझर असे उपचार असतात, आणि तेही नव्या पुटकुळ्या थांबल्यावरच. माझी त्याची तारीख तूर निघाल्यानंतरची आहे.

मागच्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन आला. तिनेही ट्यूब सोडली नव्हती, आणि आता तिच्या तोंडाची आग होते आहे. तिला दिवसही गेले आहेत. मंगळवारी पहाटेच्या एसटीने आम्ही दोघी सेवाग्रामला जाणार आहोत. तिला सांगितलं आहे, की दिवस गेल्याचं डॉक्टरांना सगळ्यात आधी सांग, आणि लावलेली एकूण एक ट्यूब पिशवीत टाक, रिकामी असली तरी.