साठीतला गडी आणि सोळा लिटरचा पंप

पाठीवरचा फवारणीचा पंप सोळा लिटरचा. पाण्याचेच सोळा किलो, वर पंप आणि पट्टे मिळून पाच-सहा. म्हणजे बावीस किलोच्या आसपास ओझं घेऊन कातळ सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, हापूस आंब्याच्या लहान कलमांच्या ओळीतून फिरायचं, तेही तोंडाला फडकं बांधून. काम पंचविशीतल्या पोराचं. पण रत्नागिरी-देवगड पट्ट्यातल्या कितीतरी घरांत कोणी काय करायचं हे वयावरून ठरत नाही, कोणाकडे वेळ आहे त्यावरून ठरतं. आणि वेळ असतो तो नुकत्याच मुंबईहून परतलेल्या चाकरमान्याकडे. मुलगा डोंबिवलीला, गडी मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मग साठीतले काका स्वतःच पट्टे खांद्यावर घालतात.

बाग एकच असली तरी विशीचं, चाळिशीचं आणि साठीचं काम वेगळं असतं. काम चांगलं झालं की नाही हे मोजायचं मापही वेगळं. घरोघरी मात्र सगळ्यांना एकच माप लावतात: आज किती पेट्या झाल्या? त्या मापाने पोर घाईत आंबे खराब करतं आणि म्हातारा कंबर मोडून घेतो.

काढणी तरुणांची. त्याचं कारण ताकदीपेक्षा मान आणि तोल. चार मीटरचा बांबू उभा धरून मान मागे टाकायची, टोकाच्या पात्यात देठ अडकवायचा आणि हलका हिसका द्यायचा, की आंबा जाळीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला याच कामासाठी आहे. त्याच्या पात्यामुळे फळ देठासकट येतं. देठ पाच-सहा सेंटिमीटर राहिला पाहिजे. तो मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो, साल भाजल्यासारखी काळी पडते आणि त्याच जखमेतून सड आत शिरते. हौशी पोरं आणखी एक चूक करतात. खाली-वर करण्याचा कंटाळा म्हणून जाळीत पाच-सहा फळं साठू देतात. ती एकमेकांवर आपटतात. त्या दिवशी काहीच दिसत नाही. आठ-दहा दिवसांनी आंबा पिकला की आपटलेली जागा मऊ पडते, आणि तोवर पेटी गिऱ्हाईकाच्या घरी पोचलेली असते.

आंबा चौदा आणे (सोळा आण्यांपैकी चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झाला हे ओळखायला दोन-तीन हंगाम जावे लागतात. फळाचे खांदे देठाच्या वर उचललेले हवेत, देठाजवळ खळगा पडलेला हवा, गडद हिरवा रंग फिकटायला लागलेला हवा. शंका असेल तर बादलीभर पाण्यात टाकून बघा: तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. तेव्हा विशीतल्या पोराला डझन विचारू नका. संध्याकाळी एक क्रेट उचला आणि शंभरात देठासकट किती, बुडणारी किती, ते त्याच्यासमोर मोजा. आठवड्यात आकडा सुधारतो आणि पोराला आपण काहीतरी शिकतोय असं वाटतं. नुसत्या डझनांच्या मोजणीत ते वाटत नाही. काढणी सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर. उतरवलेला आंबा तापलेल्या कातळावर ठेवायचा नाही. (शाळेच्या पोरांना मे महिन्यात बागेत येऊ द्या, आंबे पुसू दे, मोजू दे. फवारणीच्या आसपास मात्र अजिबात नको.)

चाळिशीचं काम अंगापेक्षा डोक्याचं, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. तुडतुडे किती, फुलकिडे किती, मोहर पूर्ण उमललेला असताना फवारायचं नाही म्हणजे नाही, कारण परागीकरण करणाऱ्या माश्या तेव्हाच मोहरावर असतात. डबा उघडण्याआधी लेबलावरचा त्रिकोण बघायचा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. गंमत म्हणजे याच वयात जवळचं दिसेनासं होतं आणि लेबलावरची अक्षरं मुंगीएवढी असतात. चष्म्याचा नंबर काढायची लाज वाटते म्हणून माप अंदाजाने घेणारे बागायतदार कमी नाहीत. या वयातलं समाधान मोजायचं झालं तर न केलेल्या फवारण्या मोजा. किडी मोजून एक फवारणी वाचवली, तर औषध वाचतं आणि एक झोपेची रात्रही.

बायकांचं काम कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. निवड, पुसणं, पेंढा पसरणं, पेटी भरणं हे सगळं खळ्यात उकिडवं बसून चालतं, दिवसाचे सहा-सहा तास. अडीचशे ग्रॅमचा आंबा धरला तर पाच डझनांचे पंधरा किलो, लाकडी पेटी आणि पेंढ्यासकट सतरा-अठरा. ते जमिनीवरून उचलायचं. पन्नाशीतल्या बाईच्या गुडघ्यांना आणि कमरेला याहून वाईट काही नाही, कारण पाळी गेल्यानंतर हाडं झपाट्याने विरळ होतात. उपाय स्वस्त आहे. दोन लाकडी घोडे (तिवया) आणि एक जुना दरवाजा आडवा टाकून कमरेएवढं टेबल करायचं, पेट्या त्याच्यावर भरायच्या आणि तिथूनच गाडीत सरकवायच्या. पेटीही पाच डझनांची कशाला? एक-दोन डझनांचा पुठ्ठ्याचा बॉक्स उचलायला हलका, थेट घरपोच विक्रीलाही बरा. नाचणीची भाकरी आणि काट्यांसकट खायची बारीक मासळी हाडांसाठी घरात असतेच. ती आधी तिच्या ताटात पडते का, तेवढं बघा.

आता साठी. परतलेल्या माणसाने पहिल्या हंगामात बागेला हात लावण्याआधी स्वतःचं शरीर तपासावं. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठा-बसा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायात जोर कमी आहे आणि पडायचा धोका आहे. गणपती आटोपल्यावर सुरुवात करा: आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणं, दाराची चौकट धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, हळूहळू तीस सेकंदांपर्यंत. मोहर येईपर्यंत तीन महिने मिळतात, ते पुरतात.

पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरताना दुहेरी काचेचा चष्मा घालू नका. खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते. बागेसाठी फक्त लांबचं दिसणारा वेगळा चष्मा करून घ्या. मधुमेह असेल तर अनवाणी फिरणं बंद. एप्रिलमधला कातळ चटका देतो आणि बधिर पायाला तो कळत नाही. फोड संध्याकाळी दिसतो, जखम महिनाभर भरत नाही. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शिडीवर चढायचं नाही, मग ती चार पायऱ्यांची का असेना. वयाबरोबर तहानही कमी लागते, त्यात रक्तदाबाची लघवी होणारी गोळी असली की माणूस न कळत सुकतो. पाणी तहानेवर सोडू नका, घड्याळावर प्या. दर वीस मिनिटांनी पेलाभर, मधे एकदा उकड्या तांदळाची पेज. उन्हाळ्यातल्या गोळीचा डोस मार्चमध्येच डॉक्टरांना विचारून घ्या. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. पेजेत मीठ किती घालायचं तेही तेव्हाच विचारा.

मग साठीतल्या माणसाने करायचं काय? मुंबईत तीस वर्षं जपलेली ओळखपाळख विक्रीच्या कामी लावायची. चाळीतले शेजारी, ऑफिसातले जुने सोबती, त्यांचे फोन नंबर, कोण कधी पैसे देतो याची आठवण. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यायची कागदपत्रं, पावत्या, कुरिअरचा पाठपुरावा हे जन्मभर फायली सांभाळलेल्या माणसाला जमतं. घरातल्या तरुणाला त्यात शून्य रस असतो.

नवी लागवड करायची घाई मात्र नको. दहा बाय दहा मीटरवर हेक्टरी शंभर कलमं बसतात. पहिली तीन वर्षं मोहर आला तरी खुडून टाकायचा, नाहीतर झाड खुजं राहतं. पाचव्या-सहाव्या वर्षी थोडं फळ, भरात यायला पंधरा वर्षं. साठीत हा हिशोब कागदावर मांडून बघा आणि मगच कातळ फोडायला मशीन बोलवा.

साठीला खरं शोभणारं काम पावसाळ्यात आहे: कोय कलम, म्हणजे कोयीतून आलेल्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी जोडणं. बसून करायचं, सावलीत करायचं, आणि घाई करणाऱ्याच्या हातून हमखास बिघडणारं. मे-जूनमध्ये रायवळ (गावठी) आंब्याच्या ताज्या कोयी वाफ्यात लावायच्या. महिनाभर पडून राहिलेली कोय उगवत नाही. दोन-तीन आठवड्यांत रोप येतं. पानं तांबूस आणि कोवळी असताना, दहा-पंधरा दिवसांचं रोप कोयीसकट उपटायचं, कोयीपासून सात-आठ सेंटिमीटरवर शेंडा कापायचा आणि मधोमध चार-पाच सेंटिमीटर चीर द्यायची. हापूसची काडी तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, टोकाचा डोळा फुगलेला. डोळा फुगावा म्हणून आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं छाटून ठेवायची, देठ तेवढे राखायचे. काडीला दोन्ही बाजूंनी पाचर द्यायची, तीही चिरेएवढीच लांब, आणि एकाच ओढीत. दुसऱ्यांदा सुरी फिरवली की काप लाटेसारखा होतो, आत हवा राहते आणि जोड काळा पडतो. पाचर चिरेत बसवून दीड-दोन सेंटिमीटर रुंद प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळायचं, पिशवीत लावायचं. जोडात पावसाचं पाणी गेलं तर कुजतं, म्हणून वर प्लास्टिकची टोपी. तीन-चार आठवड्यांत डोळा फुटतो.

यात नीट सुरी, जवळचा चष्मा आणि न थरथरणारा हात एवढंच लागतं. हात थोडा थरथरत असेल तर कोपर टेबलावर टेकवून काप द्या, पुष्कळ फरक पडतो. दिवसाला चाळीस-पन्नास कलमं पुरे. प्रत्येक वाफ्यावर तारीख आणि बांधलेली संख्या लिहायची, दीड महिन्याने जगलेली मोजायची. पहिल्या वर्षी शंभरातली पन्नास गेली तरी नवल नाही. गेलेल्यांचे जोड उकलून बघा: सुकलेला असेल तर पट्टी सैल होती, कुजलेला असेल तर पाणी गेलं, आणि कोयच काळी असेल तर दोष वाफ्यातल्या साचलेल्या ओलीचा. जगलेल्यांची पट्टी तीन महिन्यांनी न विसरता उभी चिरून काढा, नाहीतर ती खोडात रुतते आणि वाऱ्याने कलम नेमकं तिथेच मोडतं.