जागा धरायची नोकरी

जपानी ऑफिसातली हानामी, म्हणजे साकुराच्या (चेरीच्या) बहराखालची पार्टी, ही सगळ्यांसाठी मौज आणि टीममधल्या सगळ्यात नव्या माणसासाठी ड्यूटी. साकुराच्या झाडाखाली निळी ताडपत्री अंथरायची आणि संध्याकाळी मंडळी येईपर्यंत तिच्यावर बसून राहायचं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मात्र इथे रुमालासोबत माणूसही लागतो. टोकियोच्या उएनो पार्कात बिनमाणसाची ताडपत्री दिसली तर ती उचलून नेतात.

2019 साली तो नवा माणूस मी होतो. आमच्या काचोंनी, म्हणजे सेक्शनच्या साहेबांनी, तारीख काढली सोमवार, 1 एप्रिल. सेम्पाईने, म्हणजे टीममधल्या माझ्या सिनियरने, कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काहीच बोलला नाही. जपानमध्ये एवढा विरोध पुरेसा असतो. काचोंवर त्याचा परिणाम झाला नाही.

त्या सोमवारी सकाळी साडेअकराला सरकार नव्या शकाचं नाव जाहीर करणार होतं. सम्राट अकिहितो 30 एप्रिलला पायउतार होणार, 1 मेपासून नवे सम्राट आणि नवं शक. जपानमध्ये हे पंचांगापुरतं नसतं. वॉर्ड ऑफिस, बँक, विमा, सगळीकडे फॉर्मवर वर्ष शकात लिहायचं. माझं जन्मसाल 1986 इथे ‘शोवा 61’ होतं, आणि पहिल्यांदा वॉर्ड ऑफिसात गेलो तेव्हा काउंटरवरच्या तक्त्यात ते शोधताना मागे रांग लागली होती. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर शके असतं, पण ते कुणी राजा आला-गेला म्हणून पुन्हा एकपासून सुरू होत नाही. यांचं होतं. मेइजी काळापासून एक सम्राट, एक शक असा नियम आहे. त्यामुळे 1989 पासून चाललेलं हेइसेइ आता 31 वर थांबणार होतं.

आणि आमच्या टीमची भाकरी नेमकी यावरच होती. एका ग्राहकाचे शेकडो छापील फॉर्म, प्रत्येकावर तारीख शकात. हिवाळाभर आम्ही प्रोग्रामात जिथे जिथे ‘हेइसेइ’ होतं ते खणून काढत होतो. नवं नाव गुपित, म्हणून टेस्टिंगमध्ये त्या जागी दोन रिकामी वर्तुळं छापली जायची. मेइजी, ताइशो, शोवा, हेइसेइ यांची M, T, S, H ही आद्याक्षरं फॉर्मवर वापरात असल्यामुळे नवं नाव त्यांपैकी एकाने सुरू होणार नाही, एवढाच सगळ्यांचा अंदाज. युनिकोडवाल्यांनी, म्हणजे संगणकातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्यांनी, तर नव्या नावाच्या जोडाक्षरासाठी आधीच रुमाल टाकून ठेवला होता. जुन्या चार नावांना शेजारीशेजारी घरं मिळालेली, पण त्यांच्या लगतची जागा दुसऱ्याच चिन्हाने अडवलेली. म्हणून नव्याला लांब, 32FF या क्रमांकावर बसवलं.

तर अशा दिवशी अख्खी टीम आकिहाबाराजवळच्या ऑफिसात स्क्रीनला डोळे लावून बसणार, आणि मी उएनोत ताडपत्रीवर. लॅपटॉप बाहेर न्यायला ग्राहकाची सक्त मनाई. म्हणजे मी कामावर होतो, पगारी होतो, आणि माझ्या हाताला काम शून्य.

पार्क पहाटे पाचला उघडतं. निशिकासाईहून मेट्रोची तोझाई लाइन, कायाबाचोला बदलून हिबिया लाइन. पोचेपर्यंत मोक्याच्या जागा गेल्या होत्या. तरी मधल्या रस्त्याच्या कडेला एक बरी फांदी मिळाली. निशिकासाईतल्या एका जुन्या मित्राने बजावलं होतं की ताडपत्रीखाली पुठ्ठे घाल, नाहीतर फरसबंदीचा गारवा कमरेत शिरतो. त्याचे उपकार. चारी कोपऱ्यांवर पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या ठेवल्या, कागदावर कंपनीचं नाव आणि ‘संध्याकाळी 6 पासून’ लिहून चिकटवलं, बूट काढून कडेला जोडीने लावले आणि मांडी ठोकली.

शेजारच्या ताडपत्रीवर तीस माणसं मावली असती. तिच्यावर एकटे आजोबा, जाड उशीवर, थर्मास घेऊन. कुणासाठी जागा धरलीय विचारलं तर म्हणाले, जुन्या कंपनीतल्या निवृत्त लोकांसाठी. “तुम्हाला का बसवलं?” मी न राहवून विचारलं. “मी चौऱ्याहत्तरचा. सगळ्यांत धाकटा.”

म्हणजे या ड्यूटीतून निवृत्तीनंतरही सुटका नाही. हे ऐकून मी बाटल्या जरा नीट सरकवून घेतल्या.

आजोबा छापखान्यात होते. मी काय काम करतो ते सांगितल्यावर ते एकदम सरसावून बसले. म्हणाले, तुम्हाला एक महिना मिळालाय, आम्हाला एक रात्र मिळाली होती. 7 जानेवारी 1989, शनिवार. सकाळी शोवा सम्राट गेल्याची बातमी, दुपारी अडीचच्या सुमाराला ‘हेइसेइ’ जाहीर, आणि दुसऱ्या दिवसापासून लागू. टीव्हीवर दोन दिवस जाहिराती नव्हत्या, रस्ते गप्प, आणि यांच्या छापखान्यात मात्र फोन खणखणत होते. रबरी शिक्के, खातेवह्या, पावतीपुस्तकं, सगळं सोमवारच्या आत. “आनंद व्हावा असं काम नव्हतं. या वेळी सम्राट हयात आहेत, दोनशे वर्षांत पहिल्यांदा. म्हणून लोक हसतायत.”

आम्ही एकमेकांची जागा राखून शौचालयाच्या रांगेला जाऊन आलो. मी कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, अंड्याचं सँडविच आणलं, त्यांनी थर्मासमधला चहा दिला. बाकी सकाळ अशीच गेली. साकुरा किती सुंदर वगैरे मी लिहीत बसत नाही. पूर्ण बहर चार-पाच दिवसांपूर्वीच झालेला, पण थंडी परतल्यामुळे फुलं टिकून होती. बस.

साडेअकराच्या आधी ताडपत्र्या-ताडपत्र्यांवर फोन निघाले. आजोबांकडे साधा घडीचा फोन, म्हणून ते माझ्या पुठ्ठ्यावर येऊन बसले, अर्थातच बूट काढून. अकरा चाळीसच्या सुमाराला मुख्य कॅबिनेट सचिव सुगा आले आणि त्यांनी नव्या नावाची चौकट उचलली. नेमकं त्याच क्षणी एनएचके या सार्वजनिक वाहिनीच्या पडद्यावर सांकेतिक भाषेत सांगणाऱ्या दुभाष्याची छोटी चौकट अक्षरांच्या वर आली. “काय? काय?” आजोबा माझा फोन हलवून विचारू लागले, जणू तो हलवला की चौकट बाजूला होईल. मग दिसलं. रेइवा. रस्त्याच्या पलीकडून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या पसरत आमच्यापर्यंत आल्या.

लगेच सेम्पाईचा फोन. “R! R आहे!” मागे सगळ्या टीमचा गलका ऐकू येत होता. हिवाळाभर ज्याने माझ्याशी फक्त बगच्या नंबरात संवाद केला, तो माणूस ओरडत होता. मग त्याला आठवण झाली आणि त्याने विचारलं, “जागा आहे ना?”

दुपारी फोनवर टोकियोतल्याच शिम्बाशीची दृश्यं आली. वृत्तपत्राची जादा आवृत्ती मिळवायला लोक एकमेकांना ढकलत होते, कागद ओढून घेत होते. लिफ्टसाठीही रांग लावणारा हा देश. मला ते बघून खरं तर बरं वाटलं.

रेइवा हा शब्द मान्योशू या जपानी भाषेतल्या कवितांच्या सर्वात जुन्या संग्रहातून घेतला, हे तोवर सगळीकडे आलं होतं. याआधीची नावं चिनी ग्रंथांतून यायची, हे पहिलंच जपानी ग्रंथातलं. आजोबांनी पुढची गोष्ट सांगितली. 730 साली दाझाइफूला ओतोमो नो ताबितो या अधिकाऱ्याच्या घरी उमेच्या, म्हणजे जपानी प्लमच्या, फुलांखाली मेजवानी झाली. ताबितो तिथल्या सरकारी कचेरीचा प्रमुख, पाहुण्यांत बरेचसे त्याच्या हाताखालचे. प्रत्येकाने उमेवर कविता करायची. अशा 32 कविता जमल्या, आणि त्यांच्या प्रस्तावनेतून ही दोन अक्षरं उचलली.

म्हणजे साहेबाच्या घरी ऑफिसची हानामी, आणि प्रत्येकाला काहीतरी सादर करायची सक्ती. तेराशे वर्षांत फार काही बदललेलं दिसत नाही. तिथे पहाटेपासून जागा कुणी धरली होती, याची मात्र नोंद नाही.

आजोबांनी मला उलट विचारलं, तुमच्याकडे असं असतं का? मी म्हटलं, येत्या शनिवारी गुढीपाडवा, शके 1941 लागेल, हे कुणा राजाबरोबर बदलत नाही. पण आमच्याही एका राजाने 1674 मध्ये स्वतःचा राज्याभिषेक शक सुरू केला होता. “त्याचे फॉर्म कुणी बदलले?” छापखान्याचा माणूस, दुसरं काय विचारणार.

संध्याकाळी टीम आली ती लाल डोळ्यांची. बेन्तो, म्हणजे जेवणाचे डबे, उघडले, कॅन फुटले, पण काचो ताडपत्रीच्या कडेला मोजे घालून उभे, कानाला फोन. ग्राहकाचा प्रश्न होता, पहिलं वर्ष ‘रेइवा गान्नेन’ (गान्नेन म्हणजे शकाचं पहिलं वर्ष) असं छापायचं की ‘रेइवा 1’? आमचा प्रोग्राम 1 छापत होता. आठला पार्ट्या आवरा अशी घोषणा झाली तरी काचोंचा फोन चालूच, आणि त्यांचा बेन्तो मीच झाकण लावून पिशवीत घातला. उत्तर मिळालं ते ‘गान्नेन’. मग एप्रिलभर ते प्रत्येक फॉर्मवर बदललं. एप्रिलअखेरपासून मेच्या सुरुवातीपर्यंत अख्ख्या देशाला सलग दहा दिवस सुट्टी होती, आम्ही तेव्हाही ऑफिसात फॉर्म छापून बघत होतो.

सुट्टी संपल्यावर मी रहिवासी दाखला काढायला वॉर्ड ऑफिसात गेलो. फॉर्म जुनाच. ‘हेइसेइ’वर हाताने दोन रेघा मारलेल्या, बाजूला ‘रेइवा’चा रबरी शिक्का. काउंटरवरच्या बाईंना मी विचारलं, वर्षाच्या जागी गान्नेन लिहू की 1?

“काहीही चालेल,” त्या म्हणाल्या.

मी काचोंना तिथूनच मेसेज केला. त्यांनी तो वाचला, उत्तर दिलं नाही.