कुंडीत माती नको!

आज सकाळी चहा झाल्यावर गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची कुंडी उलटी केली. आतून आला तो कुबट वास! नर्सरीवाल्याने "काही होत नाही ताई" म्हणत काळी माती आणि शेणखत भरून दिलं होतं. मीही मान डोलावली. अहो, ही आमरी, म्हणजे ऑर्किड, झाडाच्या फांदीवर वाढणारी. सह्याद्रीतली सीतेची वेणी, तीही आमरीच, कधी जमिनीत उगवलेली पाहिलीय का कुणी?

अर्ध्याहून जास्त मुळं कुजलेली. बोटात धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून हातात, मागे नुसता दोरा. कात्री गॅसवर तापवून ती सगळी कापली, कापल्या जागी दालचिनीची पूड लावली (घरात पुलाव आहे का, अशी चौकशी झालीच). जी चांगली होती ती चांदीसारखी करडी, पाणी लागलं की बघता बघता हिरवी होतात. ते बघत मी पाच मिनिटं नुसती बसले होते.

नव्या कुंडीत पाइनच्या सालीचे तुकडे, लोणारी कोळसा आणि थोडी नारळाची सोडणं. सोडणं कालपासून भिजत होती, दोनदा चहाच्या रंगाचं पाणी फेकलं. कुंडीही मुद्दाम लहानच घेतली, मोठीत ओल राहते.

आता तीन दिवस पाणी नाही. सासूबाईंना सांगून ठेवलंय, पण तुळशीला घालताना त्यांचा तांब्या तिकडे वळतोच.