दोन लाखांत जुनी गाडी निवडताना

बाबांना दर पंधरवड्याला तपासणीसाठी न्यावे लागत असल्याने मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोन लाखांच्या आत बसेल अशी जुनी गाडी शोधू लागलो, आणि नागपुरात पारा ४५ अंशांपर्यंत चढत असल्यामुळे मी सर्वांत आधी इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा तपासायची असे ठरवले. पहिलीच गाडी रंगाने लखलखीत होती. पण इंजिन गार असताना रेडिएटरचे झाकण उघडले, तेव्हा कूलंटऐवजी गंजाने तांबूस झालेले पाणी दिसले आणि बोटाला गाळ लागला. ती गाडी मी तिथेच सोडली.

टायरच्या कडेवरचे चार आकडेही जरूर वाचावेत. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर, मग त्याची नक्षी कितीही शाबूत दिसो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणून आरसीवरची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरची, मुदत किती उरली आहे हे पाहूनच भाव करावा. मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडातून आलेली गाडी स्वस्त पडते खरी, परंतु ती महाराष्ट्रात नोंदवताना इथला कर भरावा लागतो. त्यामुळे नागपूरच्याच एमएच ३१ किंवा एमएच ४९ क्रमांकाची गाडी मला बरी वाटली. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे ना हरकत पत्र आणि तो बोजा उतरवण्यासाठी लागणारा फॉर्म ३५ हाती येईपर्यंत बयाणासुद्धा देऊ नये. आमच्या गाडीसाठी हे कागद यायला तीन आठवडे लागले, तेवढे आम्ही थांबलो.