बेरजेबाहेरची प्रगती

माझ्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. त्याचं नाव सरकारी विशेष शाळेत घालायचं, हे घरात ठरायलाच फार वेळ गेला. त्यानंतरचं काम त्या मानाने सरळ होतं. फक्त कोणत्या कागदाचा नंबर आधी आणि त्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय, हे कुणी नीट सांगत नाही. म्हणून हे लिहितेय.

सुरुवात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापासून होते. त्यासाठीच्या सरकारी संकेतस्थळावर, म्हणजे स्वावलंबन पोर्टलवर, अर्ज भरला, कागद जोडले आणि सरकारी रुग्णालयात तपासणीला गेलो. मानसशास्त्रज्ञ मॅडमनी लेकाकडून ठोकळे लावून घेतले, चित्रं ओळखायला दिली, आणि मग मोर्चा माझ्याकडे वळवला. स्वतःच्या हाताने जेवतो का? बटणं लावतो का? शेजारी एकटा जाऊन येतो का? पैसे ओळखतो का? ही व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता मापनपट्टी. मूळ पट्टी एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये आणली, आपल्याकडे तिचं भारतीय रूप वापरतात. बौद्धिक अक्षमतेत प्रमाणपत्रावरची टक्केवारी या पट्टीवरून ठरते. गुणांक ५५ ते ६९ आला तर अक्षमता सौम्य आणि प्रमाणपत्रावर ५० टक्के. ३६ ते ५४ आला तर मध्यम आणि ७५ टक्के. म्हणजे ७५ हा एका गटाला दिलेला ठरावीक आकडा आहे. मुलाचं डोकं एक चतुर्थांशच चालतं, असा त्याचा अर्थ नाही. आमच्या नात्यातल्या एका शहाण्यांनी तो तसाच लावला होता, ते असो.

या प्रश्नांची उत्तरं देताना आईची जीभ अडखळते. ‘बटणं लावतो’ म्हणावंसं वाटतं, कारण एकदा दिवाळीत त्याने लावली होती. पण रोज सकाळी काय होतं, तेच सांगावं. वरची दोन मी लावून दिली की खालची तो ओढूनताणून लावतो, हे मी तसंच सांगितलं. पुढे शाळेला याच तपशिलाचा उपयोग झाला.

प्रवेशाला परीक्षा नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कलम ३१ आहे. अक्षमता ४० टक्के किंवा जास्त असेल, तर ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. आधी एका साध्या शाळेत आम्हाला ‘इथे त्याला जमणार नाही’ असं सांगून दारातूनच परत पाठवलं होतं. भांडता आलं असतं. आम्ही विशेष शाळा निवडली ती तिथल्या बाईंना भेटल्यावर, आणि ती निवड आमची होती.

बाईंनी पहिले काही आठवडे शिकवण्यापेक्षा पाहण्यातच घालवले. त्यांच्या हातात सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली तपासणी सूची असायची. वैयक्तिक, सामाजिक, शैक्षणिक, व्यावसायिक, मनोरंजन असे तिचे भाग. पूर्वप्राथमिकची सूची वेगळी, प्राथमिकची वेगळी. काम मूल स्वतःहून करतं, की सांगितल्यावर, की हात धरून करून घ्यावं लागतं, तशी खूण पडते. जी गोष्ट करायची संधीच मुलाला मिळालेली नाही, तिची वेगळी नोंद होते. मला ही रीत फार प्रामाणिक वाटली. आपल्या साध्या शाळांत असं काही असतं तर!

खरा गोंधळ उडाला तो दुसऱ्या वर्षीच्या प्रगतीपुस्तकाने. सासरे निवृत्त कारकून, आकड्यांचे पक्के. म्हणाले, “अगं, गेल्या वर्षी ८२ होते, आता ३६? पोरगं मागे चाललंय की काय?”

बाईंनी उलगडा केला. सूचीत ८० टक्के झाले की मुलाला पुढच्या गटात घालतात. तिथे नवी, अवघड सूची लागते आणि मोजणी तिथून सुरू होते. ८२ झाले म्हणूनच तर तो ३६ वर आला होता. वर्गातल्या दुसऱ्या मुलाशी या आकड्याची तुलना करायची नसते, आणि गट बदलला असेल तर त्याच्या स्वतःच्याच जुन्या आकड्याशीसुद्धा नाही.

त्यांनी दाखवलेली आणखी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटली. बेरजेत धरतात ती फक्त स्वतःहून, किंवा फार तर क्वचित आठवण करून दिल्यावर केलेली कामं. आधी हात धुताना त्याचे हात धरावे लागायचे. आता बाई नुसतं “साबण... पाणी... नळ बंद” म्हणत राहतात आणि तो धुतो. केवढा पल्ला! टक्केवारीत शून्य फरक. मनोरंजनाचा भाग तर बेरजेत येतच नाही, त्याला नुसती अक्षरं देतात. ढोलकी वाजली की आमचा मुलगा सगळ्यांच्या आधी उठतो, त्याचे गुण कुठेच नाहीत.

त्यामुळे तिमाही बैठकीला मी बेरीज सोडून खुणांचे रकाने बघते. कोणती खूण सरकली, घरी आम्ही मदत किती कमी करायची, हे विचारते. पुढची उद्दिष्टं आम्ही एकत्र बसून ठरवतो, कारण प्रत्येक मुलासाठी शिकवण्याचा जो वैयक्तिक आराखडा करतात, त्यात घरच्यांचं म्हणणं धरायचं असतं. या वेळी बाईंना घड्याळ बघायला शिकवायचं होतं, मला संडासाची कडी आतून लावणं आणि काढणं हवं होतं. कडी आधी घेतली. घड्याळ पुढच्या तिमाहीवर गेलं आहे, सासऱ्यांचा तीव्र विरोध नोंदवून.